विलंबाचा शोध

नागपूरहून काटोलकडे जाताना वाटेत कळमेश्वर हे तालुक्याचे गाव लागते. समजा, तेथील एका शाळेत एक जुना संगणक आहे. मजकूर लिहिण्यासाठी व तो सुधारण्यासाठी त्यात जो प्रोग्राम असतो, त्यास टेक्स्ट एडिटर म्हणतात. पूर्वी हा एडिटर तत्काळ उघडत असे. आता मात्र वीस सेकंद वाट पाहावी लागते. "संगणक म्हातारा झाला, नवा घ्या," असे कोणीही सहज सुचवील. परंतु नव्या संगणकास पुष्कळ पैसे पडतात; आणि दोष जुन्या यंत्रात नसलाच, तर ते सारे व्यर्थ जातील. म्हणून आधी विलंबाचे कारण शोधले पाहिजे.

एडिटर उघडतो, तेव्हा काय घडते? हार्ड डिस्कवर साठवलेला प्रोग्राम रॅम नावाच्या वेगवान स्मृतीत आणला जातो. त्याच्याबरोबर अक्षरांचे फॉन्ट आणि प्लगिन, म्हणजे मागाहून जोडलेल्या पुरवण्या, याही येतात. हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते. पुष्कळ डिस्कमध्ये ती मिनिटाला ७२०० फेरे घेते. तरीही तिच्यावरील एक फाईल गाठण्यास सुमारे एक शतांश सेकंद लागतो. हा काळ क्षुल्लक वाटेल. पण अशा ५०० लहान फायली वाचावयाच्या झाल्यास पाच सेकंद सरतात!

आता पहिली परीक्षा. एडिटर उघडून बंद करावा व लगेच पुन्हा उघडावा. या वेळी तो चटकन उघडला, तर समजावे की फायली रॅममध्ये राहिल्या होत्या आणि आधीचा विलंब डिस्कवरून वाचण्याचा होता. मग ज्यात हलणारा भागच नसतो, अशी सॉलिड स्टेट डिस्क बसवल्याने काम भागू शकते.

दुसऱ्या खेपेसही तितकाच वेळ लागला, तर सर्व प्लगिन बंद करून पाहावे. वेग वाढला, तर दोषी त्यांच्यातच आहे. प्लगिन सोळा असतील व दोषी एकच असेल, तर सोळा वेळा शोधण्याचे कारण नाही. निम्मे चालू करावे, निम्मे बंद ठेवावे. दोष ज्या निम्म्यात सापडेल, त्याचे पुन्हा दोन भाग करावे. सोळाचे आठ, आठाचे चार, चारांचे दोन, दोहोंचा एक! चार प्रयोगांत दोषी हाती येतो.

कधी कधी एडिटर काही कामच करीत नसतो. तो केवळ वाट पाहत असतो. कळमेश्वर स्टेशन नागपूर–इटारसी लोहमार्गावर आहे. सिग्नल न मिळाल्यास गाडी स्टेशनाबाहेर थांबते. म्हणून काही तिच्या इंजिनात बिघाड झालेला नसतो. त्याचप्रमाणे, मागे उघडलेली फाईल दुसऱ्या संगणकावर असेल आणि तो संगणक बंद असेल, तर एडिटर त्याच्या उत्तरासाठी खोळंबतो. ती फाईल पुन्हा उघडण्याची सूचना काढून टाकली, की खोळंबा संपतो.

काही एडिटर आपला हिशेब आपणच देतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेला 'विम' हा एडिटर, तशी आज्ञा दिल्यास, उघडताना कोणत्या टप्प्यास किती सहस्रांश सेकंद लागले, याची नोंद लिहून ठेवतो.

मुलांनो, या शोधात एक नियम मात्र कटाक्षाने पाळावा. एका वेळी एकच बदल करावा, घड्याळ लावून वेळ मोजावी आणि ती वहीत टिपावी. तीन बदल एकदम केले, तर एडिटर कदाचित सुधारेलही. पण तो कशामुळे सुधारला, हे कळणार नाही. मग तोच दोष पुन्हा उद्भवला, म्हणजे आपण पूर्वीइतकेच अज्ञानी राहू.