ऋतूंचे दप्तर : लेखांक नववा
दोन हिवाळ्यांचा कज्जा

गेल्या लेखांकात जॉर्ज जेम्स सायमन्स यांच्या पर्जन्यनोंदींचा वृत्तान्त आला. १८६० साली आरंभिलेल्या त्या उद्योगात इंग्लंडातील खेडोपाडीचे धर्मोपदेशक, डॉक्टर, जमीनदार आणि शाळामास्तर कसल्याही मेहनतान्याची अपेक्षा न धरता सामील झाले, आणि १९०० साली सायमन्स वारले तेव्हा या निरीक्षकांची संख्या तीन हजारांवर गेली होती. ज्या समाजात इतकी माणसे रोज सकाळी नऊच्या सुमारास अंगणात जाऊन आदल्या दिवसाचा पाऊस मोजतात, त्या समाजात हवापाण्याच्या गप्पा निव्वळ गप्पा राहत नाहीत. त्यांना साक्षीपुराव्याचे वजन येते. अशा हौशी मंडळींच्या बैठकीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक प्रश्न आहे, आणि तो म्हणजे सर्वांत कडक हिवाळा कोणता हा. विसाव्या शतकापुरते बोलायचे तर हा कज्जा मुख्यतः दोन हिवाळ्यांत आहे : एक १९४७ चा आणि दुसरा १९६३ चा.

वस्तुतः इंग्लंड हा हिमाचा मुलूखच नव्हे. लंडन आणि सायबेरियातील इर्कुट्स्क ही शहरे जवळपास एकाच अक्षांशावर असूनही लंडनचा पारा भर जानेवारीत सहसा गोठणबिंदूच्या वरच राहतो, याचे कारण पश्चिमेचे वारे अटलांटिक महासागराची ऊब अहोरात्र त्या बेटांवर आणून पोहोचवीत असतात. परंतु ग्रीनलंड, आइसलंड किंवा स्कँडिनेव्हिया यांच्या परिसरात अधिक दाबाचा प्रदेश आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसला म्हणजे पश्चिमेची ही वाट अडते, आणि रशियाच्या गोठलेल्या मैदानांवरून निघालेले पूर्वेचे वारे, उत्तर समुद्रावरून येताना बाष्प उचलून, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हिमाच्या सरींवर सरी पाडू लागतात. अशा वेळी नैर्ऋत्येकडून एखादे अटलांटिक आवर्त आत घुसू पाहते. त्याची दमट, उबदार हवा जड थंड हवेच्या अंगावर चढते, आणि दोहोंच्या सीमेवर हिमवादळ उठते. एकदा जमीन पांढरी झाली की ती दिवसाचे ऊन परतवून लावते आणि रात्री स्वतःची उष्णता आकाशात टाकून देते, त्यामुळे थंडी आपल्याच बळावर टिकून राहते.

१९४७ च्या जानेवारीच्या मध्यावर इंग्लंडात पारा १४ अंश सेल्सियसपर्यंत चढला होता आणि हिवाळा सरला असेच लोक समजत होते. २२ जानेवारीच्या सुमारास पूर्वेचा वारा सुटला, आणि तेव्हापासून १७ मार्चपर्यंत, म्हणजे सलग ५५ दिवस, ब्रिटनमध्ये कोठे ना कोठे हिम पडल्यावाचून एकही दिवस गेला नाही. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत २ ते २२ फेब्रुवारी या काळात सूर्याचे क्षणभरही दर्शन झाले नाही. हा सगळा काळ युद्धाने खंगलेल्या राष्ट्राने कसा काढला असेल, याची कल्पना नुसत्या आकड्यांनी येणार नाही. अन्नधान्याचे नियंत्रण चालूच होते. कोळशाच्या खाणी त्याच वर्षाच्या १ जानेवारीस राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या होत्या. खाणीच्या तोंडाशी कोळसा पडून होता, पण रेल्वेचे रूळ हिमाखाली गडप झाल्याने तो वीजघरांपर्यंत पोहोचत नव्हता. ७ फेब्रुवारीस इंधनखात्याचे मंत्री इमॅन्युएल शिनवेल यांनी कारखान्यांची वीज तोडण्याचे जाहीर केले, आणि देशाच्या मोठ्या भागात घरगुती विजेवरही रोज पाच तासांची बंदी आली. लक्षावधी कामगार घरी बसले, साप्ताहिकांचे अंक निघेनासे झाले, बीबीसीची दूरचित्रवाणी बंद पडली, आणि कचेऱ्यांतून कारकून अंगरखे चढवून मेणबत्तीच्या उजेडात दप्तर लिहू लागले. शेतातली कंदमुळे दगडासारख्या जमिनीतून काढण्यासाठी रस्ते फोडण्याची हवेच्या दाबाची यंत्रे वापरावी लागली. रूळ मोकळे करण्याकरिता पोलिश सैनिक आणि जर्मन युद्धकैदी फावडी घेऊन उभे राहिले. इतकेच नव्हे, तर विमानाचे जेट इंजिन वाघिणीवर बसवून त्याच्या झोताने हिम उडवून लावण्याचाही प्रयोग करून पाहण्यात आला. आपल्या वाचकांना या महिन्याची आणखी एक तारीख ठाऊक असेल. जून १९४८ च्या आत हिंदुस्थानची सत्ता सोडण्याचा निर्णय पंतप्रधान ॲटली यांनी पार्लमेंटात जाहीर केला, तो दिवस २० फेब्रुवारी १९४७ हा होता. त्या दिवशी लंडन याच अंधारात आणि याच थंडीत होते.

सर्वांत मोठे हिमवादळ मात्र ४ आणि ५ मार्चला, लोकांचा धीर सुटत आला असता, आले. वाऱ्याने रचलेले हिमाचे ढीग कित्येक ठिकाणी पंधरा फुटांवर गेले. त्यानंतर दहा तारखेच्या सुमारास एकाएकी उबदार हवा आणि पाऊस आला. खालची जमीन गोठलेली असल्याने वितळलेले पाणी मुरेना. थेम्स, ट्रेंट आणि यॉर्कशरची ऊझ या नद्या पात्राबाहेर पडल्या, आणि पूर्व इंग्लंडातील फेन्स या सखल मुलखाचे बांध १६ मार्चच्या सोसाट्याच्या वाऱ्याने फुटले. हिमाखाली गाडल्या जाऊन आणि उपासमारीने मेलेल्या मेंढ्यांची व कोकरांची गणती चाळीस लाखांच्या घरात गेली.

या मानाने १९६३ चा हिवाळा शांत होता, पण त्याची पकड अधिक घट्ट होती. १९६२ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी हिम पडू लागले, २९ आणि ३० डिसेंबरला वेल्स व नैर्ऋत्य इंग्लंडात वादळाने गावेच्या गावे तोडून टाकली, आणि त्यानंतर मार्च उजाडेपर्यंत थंडी हटली नाही. केंटच्या किनाऱ्यावर हर्न बे येथे समुद्राचे पाणी गोठले, ऑक्सफर्डपाशी थेम्सच्या गोठलेल्या पात्रावरून एकाने मोटार हाकली, एफ. ए. कप फुटबॉल स्पर्धेची तिसरी फेरी पुरी व्हायला ६६ दिवस लागले. ६ मार्चची सकाळ ही त्या वर्षातली दहिवराविना उगवलेली पहिली सकाळ. मध्य इंग्लंडचे जानेवारीचे सरासरी तापमान उणे २.१ अंश भरले, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या तिमाहीपुरते पाहिले तर १७४० नंतर इतका थंड हिवाळा इंग्लंडने पाहिला नव्हता.

आता ‘१७४० नंतर’ असे जे आपण सहजगत्या लिहून जातो, त्यामागे किती श्रम आहेत हे सांगणे अगत्याचे आहे. भूगोलाचे प्राध्यापक गॉर्डन मॅन्ली यांनी जुन्या रोजनिश्यांतून तापमापकाची वाचने वेचून १६९८ पासूनची मध्य इंग्लंडच्या मासिक तापमानांची मालिका १९५३ साली प्रसिद्ध केली आणि १९७४ साली ती १६५९ पर्यंत मागे नेली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील कित्येक गृहस्थ तापमापक अंगणात न टांगता उत्तरेकडच्या विनाशेगडीच्या खोलीत ठेवीत, त्यामुळे त्यांचे आकडे बाहेरच्या हवेशी ताडून घ्यावे लागले. १७५२ साली इंग्लंडने पंचांग बदलले तेव्हा गळालेल्या अकरा दिवसांचा हिशेब जमवावा लागला. एक रोजनिशी बंद पडून दूरच्या गावची दुसरी सुरू होते तेव्हा त्या दोहोंतील फरक शोधून सांधा जुळवावा लागला. हाच मनुष्य पेनाइन पर्वतातील ग्रेट डन फेलवर सुमारे २,७०० फूट उंचीवर एक लहानशी झोपडी उभारून, १९३७ पासून पुढे काही वर्षे, हिमवाऱ्यात स्वतः वाचने घेत असे. दुसऱ्यांच्या नोंदी पारखण्याचा त्याचा अधिकार तेथे कमावलेला होता.

अशा पारखीची आवश्यकता काय, याचे उत्कृष्ट उदाहरण सेलबोर्नचे निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांच्या टिपणांत सापडते. १० डिसेंबर १७८४ च्या रात्री, वारा पूर्णपणे पडलेला असताना, त्यांच्या एका तापमापकाचा पारा फॅरनहाइटच्या शून्याखाली एक अंश, म्हणजे सेल्सियसच्या उणे १८ पर्यंत, उतरला. दुसऱ्या तापमापकावर शून्यावरच्या चार अंशांखाली खुणाच नव्हत्या, म्हणून त्यातला पारा फुग्याभोवतीच्या पितळी कोंदणात दिसेनासा झाला आणि नेमक्या हव्या त्या घटकेला ते उपकरण निरुपयोगी ठरले. शेजारच्या न्यूटन गावाहून मात्र त्याच रात्रीचे वाचन १८ फॅरनहाइट अंशांनी अधिक आल्याचे कळले. न्यूटन उंचावर, तेव्हा तेथे थंडी जास्त असावयास हवी. तेथला तापमापक सदोष असावा असा संशय येऊन व्हाइट यांनी आपला तापमापक तिकडे पाठविला, दोन्ही शेजारी शेजारी ठेवविले, आणि दोहोंचा पारा तंतोतंत एका रेषेवर उभा राहिला. म्हणजे चूक उपकरणाची नव्हती. निवांत, निरभ्र रात्री हिमाच्छादित जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी वाहत जाऊन खोलगट जागी साचते. सेलबोर्न त्या साठ्यात बुडाले होते आणि न्यूटन त्याच्या वर राहिले होते. शहानिशा केली नसती तर एक सत्य गोष्ट खोटी म्हणून वहीतून खोडली गेली असती.

आठवणींच्या बाबतीत अशी शहानिशा आणखी कठीण. ‘पूर्वी लंडनात थेम्स गोठे, आता गोठत नाही’ हा पुरावा नेहमी पुढे केला जातो. परंतु जुन्या लंडन पुलाच्या अरुंद कमानी पाण्याचा ओघ अडवून धरीत, आणि तो पूल १८३१ साली पाडल्यावर प्रवाह वेगवान झाला, हे त्यात विसरले जाते. १८१४ साली गोठलेल्या थेम्सवर भरलेला बाजार आणि १९६३ ची न गोठलेली लंडनची थेम्स या दोन साक्षी म्हणूनच एका तागडीत घालता येत नाहीत. स्थळाचेही तसेच. १९४७ चा जो फेब्रुवारी लंडनकरांना सूर्यावाचून गेला, तोच पश्चिम स्कॉटलंडात कोरडा आणि भरपूर उन्हाचा होता. तेथील म्हाताऱ्याने ‘छान महिना होता’ असे सांगितले तर तो खोटे बोलत नाही.

मग निवाडा काय? केवळ पाऱ्याला विचारले तर कौल निःसंशय १९६३ च्या बाजूने पडतो, कारण त्या तिमाहीची सरासरी उणे ०.३ अंश होती आणि १९४६–४७ ची अधिक १.१. परंतु हिमाचे वेगळे दप्तर ठेवणारे लिओ बोनासिना यांनी १८७६ पासूनच्या हिवाळ्यांची प्रतवारी लावताना हिम किती ठिकाणी पडले, किती साचले, किती राहिले हे प्रश्न तापमानाहून निराळे मानले, आणि माझ्या मते हीच दृष्टी अधिक न्यायाची आहे. त्या दृष्टीने, आणि माणसांच्या व गुरांच्या हालांचा विचार केला तर त्याहूनही अधिक, १९४७ चा हिवाळा भारी ठरतो. नाशिक-निफाडच्या द्राक्षबागांत किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दहिवर गोठते त्या पहाटे आपल्याकडेही कोणी पारा टिपीत असतील. वाचकांपैकी कोणाच्या घरी वडीलधाऱ्यांनी पावसाची अथवा थंडीची नोंद केलेली वही असेल, तर ती रद्दीत घालू नये. आणि तिच्या पहिल्या पानावर गावाचे नाव, उपकरण कोठे टांगलेले असे ते ठिकाण आणि वाचनाची वेळ, एवढे तीन तपशील, सांगणारे माणूस हयात आहे तोवर, विचारून लिहून ठेवावेत.