डुकरिणीचं घर – ७ : पेंढा कुठे अडतो

पशुवैद्यकीच्या एका विद्यार्थिनीने पत्रातून विचारलं आहे : क्रेटमध्ये, म्हणजे व्यायच्या वेळी डुकरिणीला कोंडतात त्या लोखंडी चौकटीत, काडीसुद्धा नसते, तर डुकरीण घरटं बांधायचं सोडून देते का?

सोडत नाही. या विषयातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

डुकरीण मोकळी असली की काय करते, ते आधी पाहू. एडिंबराला स्टोल्बा आणि वुड-गश या संशोधकांनी डुकरिणी मोकळ्यावर सोडून त्यांचं वागणं पाहिलं. स्वीडनमध्ये पेर येन्सन यांनीही तसंच केलं. दोन्हीकडे दिसलं ते एकच : व्यायची वेळ जवळ आली की कळप सोडायचा, लांबवर भटकून जागा हेरायची, नाकाने उकरून खळगा करायचा आणि मग तोंडात गवत, फांद्या धरून आणून तो भरायचा. शेवटचा जवळजवळ पूर्ण दिवस यातच जातो.

हा उद्योग सुरू होतो तो शरीरातल्या बदलांमुळे. त्या सुमारास रक्तात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक चढतं. भोवती पेंढा आहे की सिमेंट, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. म्हणून जेमतेम साठ सेंटिमीटर रुंदीच्या लोखंडी चौकटीतली डुकरीणही फरशी नाकाने उकरते, पायाने खरवडते, गज चावते. सुरुवातीला आतली हाक पुरते. थांबण्यासाठी मात्र रचलेलं घरटं अंगाला लागावं लागतं. ते लागलं नाही की ती अस्वस्थच राहते. ताण वाढतो, कळा आणणारं ऑक्सिटोसिन कमी पडतं आणि वेत लांबतं. वेत लांबलं की शेवटी येणाऱ्या पिल्लांचा श्वास कोंडतो. त्यातली काही मेलेलीच जन्मतात.

मग पेंढा का देत नाहीत? महाग म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. खरी अडचण जमिनीखाली आहे. आधुनिक गोठ्यांत फटींची जमीन असते. मलमूत्र फटींतून खाली पडतं आणि पातळ रूपात नळांतून वाहून जातं. नळ तुंबण्याच्या भीतीने पेंढा बाहेरच राहतो. युरोपीय संघाच्या २००८च्या निर्देशातही ही भीती शिरली आहे : व्यायच्या आधीच्या आठवड्यात घरट्याचं साहित्य द्यावं, पण मलमूत्राच्या व्यवस्थेमुळे ते तांत्रिकदृष्ट्या शक्य नसेल तर सूट. आईला घरटं मिळणार की नाही, हे नळ ठरवतो. मला हे मान्य नाही.

मान्य न करण्याला आधारही आहे. स्वीडनमध्ये संशोधक रेबेका वेस्टिन यांनी व्यायच्या दोन दिवस आधी एकदाच, १५ ते २० किलो पेंढा देऊन पाहिला. डुकरिणींनी घरटी रचली आणि मेलेली पिल्लं कमी जन्मली. पुढे पेंढा पायांखाली तुटत गेला आणि हळूहळू फटींतून खाली उतरला. म्हणजे प्रश्न पेंढा द्यायचा की नाही हा नाहीच. किती द्यायचा, केव्हा द्यायचा आणि फट केवढी ठेवायची, हे ठरवायचं असतं. गोठ्याचा नकाशा काढतानाच ते ठरवता येतं.

आणि ज्यांचे गोठे आधीच बांधून झालेत? त्यांना निदान गोणपाट बांधता येतो. तो फटींतून पडत नाही आणि डुकरीण तो ओढते, चावते, खाली दाबते. पेंढ्याची सर त्याला नाही, पण नुसत्या गजापेक्षा तो कितीतरी बरा.