संगणकाचा पत्ता आणि पेढीची वही

पेढीवरील संगणकाचा नेटवर्कशी संबंध तुटला, की बिले अडतात आणि दाराशी आलेले गिऱ्हाईक खोळंबते. अशा वेळी व्यापारी बंधूंनी घाईने आकडे बदलू नयेत. प्रथम तारेची जोडणी पाहावी. मग विंडोजच्या ‘कमांड प्रॉम्प्ट’मध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे संगणकाचा पत्ता समोर येतो. तो १६९.२५४ ने आरंभ होत असेल, तर राउटरकडून आपोआप मिळावयाचा पत्ता मिळालाच नाही, असे समजावे. एकच पत्ता दोन यंत्रांना हाताने दिला गेला, तरीही काम बिघडते. म्हणून प्रत्येक यंत्राचा पत्ता आणि बदलापूर्वीचा जुना आकडा वहीत टिपून ठेवावा. नोंदीवाचून व्यवहार करू नये, ही वाडवडिलांची शिस्त येथेही तारून नेते.