पैजेच्या कंपनीचे शेअर घ्यावेत काय?

पैज लावू नये हे आपण जाणतो. परंतु पैजेची कंपनी शेअर बाजारात आली, तर तिचा शेअर घ्यावा काय?

इंग्लंडमधील बेटफेअर कंपनीमार्फत लोक एकमेकांविरुद्ध पैज लावत आणि जिंकणाऱ्याच्या रकमेतून कंपनी दलाली घेई. ऑक्टोबर २०१० मध्ये लंडनच्या बाजारात तिचा शेअर १३ पौंडांस विकला गेला. पहिल्याच दिवशी तो १५ पौंडांवर गेला. वर्ष भरण्यापूर्वी ८ पौंडांखाली उतरला. २०१६ मध्ये कंपनीचे पॅडी पॉवरशी विलीनीकरण झाले, तेव्हा मात्र भाव मूळ किमतीच्या कितीतरी वर होता. तेव्हा केवळ भावावरून निर्णय करू नये.

आम्ही तीन प्रश्न सुचवतो. विक्रीचा पैसा कंपनीला मिळणार की जुन्या भागधारकांना? हे माहितीपत्रकात वाचावे. धंदा कोणत्या कायद्यावर उभा आहे? भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि अनेक कंपन्यांना ते खेळ थांबवावे लागले. शेवटी, नफा कोणाच्या खिशातून येतो? दलाली जिंकणारा देत असला, तरी जिंकलेली रक्कम हरणाऱ्याचीच असते.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कंपनीगणिक बदलतील. तिसऱ्याचे बदलणार नाही. म्हणून असा शेअर घेऊ नये, असे आम्हांस वाटते.