लुक्स : टेहळणीच्या रणगाड्याचे गणित

आषाढात रोह्याजवळच्या कुंडलिका खोऱ्यात चिखलणी चालू असते. खाचरात उतरणाऱ्या यंत्राची रबरी चाके काढून त्या जागी रुंद, लोखंडी पिंजऱ्याची चाके बसवलेली दिसतात. रस्त्यावर धावणारी जीप त्याच खाचरात रुतून बसेल. का बरे? वजन किती यापेक्षा ते किती क्षेत्रफळावर पसरले आहे याला येथे महत्त्व असते. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे आपण वर्गात शिकवतोच.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन अभियंत्यांपुढे हाच प्रश्न होता. सैन्याच्या पुढे जाऊन शत्रूचा ठाव घ्यायचा आणि बातमी घेऊन जिवंत परतायचे, अशा कामासाठी त्यांना वाहन हवे होते. १९३९ मध्ये मॅन या कंपनीकडे हे काम सोपवण्यात आले. सांगाडा मॅनचा, कवच आणि फिरता बुरूज डेमलर-बेंझचा. त्यातून तयार झालेल्या रणगाड्याला ‘लुक्स’ हे नाव मिळाले. लुक्स म्हणजे लिंक्स, तीक्ष्ण नजरेचे रानमांजर.

त्याचे वजन ११.८ टन, इंजिन १८० अश्वशक्तीचे, पुढचे चिलखत ३० मि.मी. जाडीचे आणि तोफ २० मि.मी. व्यासाची होती. आत चार माणसे बसत. रुंद पट्ट्यांमुळे त्याचा जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅमच्या आत राही. जीपच्या टायरखाली तो साधारण दोन किलोग्रॅम असतो!

आता एक गंमत पाहू. लुक्सच्या आधीचा पॅन्झर-२ हा रणगाडा ९.५ टन वजनाचा व १४० अश्वशक्तीचा होता. भागाकार केला तर दर टनाला पॅन्झर-२ मध्ये १४.७ आणि लुक्समध्ये १५.३ अश्वशक्ती मिळते. फरक नगण्य आहे. तरीही पॅन्झर-२ ताशी ४० कि.मी. जाई, तर लुक्स ६० कि.मी. याचे मोठे श्रेय चाकांच्या टेकूला जाते. जुन्या गाडीत पट्टीच्या स्प्रिंगा होत्या. लुक्समध्ये मोठी, एकमेकांवर आलेली चाके होती आणि प्रत्येक चाकाचा धक्का पीळ घेणाऱ्या पोलादी दांडीवर झेलला जाई. खडबडीत जमिनीवर वेगाची मर्यादा बऱ्याचदा इंजिनाऐवजी धक्केच ठरवतात. अर्थात किंमतही मोजावी लागे. आतले चाक बदलायचे तर आधी बाहेरची काढावी लागत, आणि चाकांमध्ये अडकलेला चिखल रशियन थंडीत गोठून बसे.

इतके असूनही जेमतेम १०० लुक्स बनले आणि १९४४ च्या आरंभी उत्पादन थांबले. तोफ लहान पडत होती. गोळ्याचे वजन ढोबळमानाने व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ५० मि.मी.चा गोळा २० मि.मी.च्या गोळ्यापेक्षा अडीचचा घन, सुमारे १६ पट जड होतो. साधारण तेवढ्याच वजनाच्या ‘पूमा’ या आठचाकी चिलखती गाडीने ५० मि.मी.ची तोफ वाहिली आणि रस्त्यावर ती लुक्सपेक्षा वेगवानही होती. चिखलात मात्र पट्टाच सरस. तोफ, चिलखत आणि चपळाई या तिन्ही गोष्टी एकाच वजनात पुरेपूर बसवता येत नाहीत.

हलकेपणाचे मोल आपल्या देशानेही पाहिले आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनशी युद्ध चालू असताना सुमारे १५ टनांचे फ्रेंच बनावटीचे एएमएक्स-१३ रणगाडे विमानाने लडाखमधील चुशूलला, सुमारे ४३०० मीटर उंचीवर उतरवण्यात आले. जड रणगाडा तेथे अशा रीतीने पोचलाच नसता. याच जातीचा रणगाडा अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये पाहायला मिळतो. हे संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झाले.

सहलीला तेथे जाल तेव्हा विद्यार्थ्यांना पट्ट्याची रुंदी आणि जमिनीला टेकलेली लांबी नजरेने अंदाजायला सांगा. त्याआधी वर्गात आलेख कागदावर प्रत्येकाने आपल्या पावलाचे क्षेत्रफळ मोजावे आणि एका पायावर उभे असताना पडणारा दाब काढावा. मग रणगाड्याशी तुलना करावी. यंत्र पाहताना ‘केवढे मोठे!’ म्हणून न थांबता ‘असेच का?’ हे विचारण्याची सवय त्यातून लागेल.