विलास घोगरे: स्टुडिओबाहेरचा आवाज

लाइव्ह अल्बमची आवड असलेल्यांनो, आज एक वेगळी शिफारस. हा अल्बम नाही, पण थेट ध्वनिमुद्रणाची सगळी मजा त्यात आहे. आनंद पटवर्धन यांचा १९८५ चा माहितीपट 'हमारा शहर'. मुंबईतल्या झोपड्या तोडण्यावरचा. त्यात मुलुंडचे शाहीर विलास घोगरे गातात.

घोगरे स्वतः गाणी लिहीत, चाल लावत आणि वस्त्यांमध्ये, मोर्च्यांमध्ये जाऊन गात. आव्हान नाट्य मंच या सांस्कृतिक गटाशी ते जोडलेले होते. 'हमारा शहर'मधलं त्यांचं गाणं हिंदीत आहे, पण बाज पक्का आपल्या शाहिरीचा: आधी गोष्ट सांगायची, मग सवाल टाकायचा. आवाज गुळगुळीत नाही, आणि तेच बरं! गोड गळ्यात हे गाणं खोटं वाटलं असतं.

आम्हा साकीनाकेकरांना हे सगळं हाकेच्या अंतरावरचं. मेट्रोनं तिसरं स्टेशन घाटकोपर. तिथल्याच रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्यानंतर काही दिवसांतच घोगऱ्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. या घटनांपासून सुरुवात करून पटवर्धनांनी पुढची चौदा वर्षं चित्रीकरण केलं आणि 'जय भीम कॉम्रेड' केला. सुमारे तीन तासांच्या त्या माहितीपटात घोगऱ्यांसोबत संभाजी भगत आणि तेव्हा कबीर कला मंचात असलेली शीतल साठेही ऐकायला मिळते.

आधी 'हमारा शहर' बघा, मग 'जय भीम कॉम्रेड'. आणि मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा.