तहकूब सामना आणि परगांवचा प्रेक्षक

शनिवार-रविवारच्या सायंकाळीं आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षित घरांतून हल्लीं एक देखावा दृष्टीस पडतो. जेवणाचीं पानें मांडलेलीं असतात, आईच्या दोनचार हांका होऊन गेलेल्या असतात, आणि तरुण मंडळी मात्र दूरचित्रवाणीपुढून हलावयास तयार नसतात. कारण इंग्लंडांतील कोणत्या तरी दोन गांवांच्या फुटबॉल-संघांचा सामना आतां सुरू व्हावयाचा असतो. एखादे दिवशीं ऐन वेळीं पडद्यावर सूचना झळकते कीं, आजचा सामना तहकूब झाला. मंडळी हळहळतात आणि मुकाट्यानें पानांवर येऊन बसतात. आपल्या घरापुरतें पाहिलें तर ह्यांत कोणाचें कांहीं बिघडलें असें नाहीं; उलट आईला बरेंच वाटतें! परंतु त्याच घटकेस त्या दूरच्या देशांत, तो सामना प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहण्याकरितां पहांटे घर सोडून दोनदोनशें मैल आलेला एक मनुष्य बंद दारासमोर उभा असतो. आजच्या लेखांत त्या मनुष्याची बाजू वाचकांपुढें मांडावी, असा आमचा विचार आहे.

हा मनुष्य कोण, हें प्रथम सांगितलें पाहिजे. 'प्रीमियर लीग' ही इंग्लंडांतील सर्वांत वरच्या दर्जाची स्पर्धा. तींत वीस संघ असतात. प्रत्येक संघाची गांठ इतर एकोणीस संघांशीं हंगामांत दोनदां पडते. एकदां आपल्या मैदानावर आणि एकदां प्रतिपक्षाच्या. पाहुण्या संघाच्या अभिमान्यांकरितां ३,००० जागा, किंवा मैदानांतील एकंदर जागांचा दहावा हिस्सा, ह्यांपैकीं जो आंकडा लहान असेल तितक्या जागा राखून ठेवाव्या लागतात. आणि २०१६ सालापासून अशा तिकिटाबद्दल ३० पौंडांहून अधिक किंमत घेतां येत नाहीं. जागा थोड्या आणि इच्छुक फार, म्हणून मोठे संघ बहुधा असा क्रम लावतात कीं, ज्यानें पूर्वीं परगांवचे सामने अधिक पाहिले असतील त्यास तिकीट आधीं. अर्थात् परक्या मैदानाच्या एका कोपऱ्यांत जे दोनतीन हजार लोक घसा कोरडा करीत असतात, ते वाट चुकून आलेले बघे नव्हेत. ते नेमानें वारी करणारे वारकरीच म्हणावयाचे. सामना ऐन वेळीं तहकूब झाला म्हणजे जो सर्वांत निष्ठावंत त्यासच सर्वांत मोठा फटका बसतो, ही ह्या प्रकारांतील पहिली विपरीत गोष्ट होय.

लँकेशायर परगण्यांत बर्नली नांवाचें एक गांव आहे. ज्या लँकेशायरचें गिरणी-कापड एके काळीं आपल्या बाजारपेठा भरून टाकीत असे, तेथीलच हें एक जुनें गिरणगांव. २०२१ सालच्या हिवाळ्यांत ह्या एका गांवाच्या वांट्यास जें आलें तेवढें पाहिलें तरी आमच्या विषयाचीं बहुतेक अंगें ध्यानांत येतील. २८ नोव्हेंबर रोजीं, रविवारीं, दुपारीं दोन वाजतां तेथील 'टर्फ मूर' मैदानावर बर्नली विरुद्ध लंडनचा टॉटनहॅम असा सामना ठरला होता. लंडनहून बर्नली दोनशें मैलांहून अधिक दूर. टॉटनहॅमचे अभिमानी एवढा पल्ला गांठून आले. इकडे सकाळपासून बर्फ पडूं लागलें होतें. मैदानावरील नोकर माणसें फावड्यांनीं तें दूर करीत होतीं. पण साफ केलेल्या जागीं पाहतां पाहतां पुन्हां थर जमे. अखेर सामना सुरू होण्यास एक तासही उरला नसतां पंचांनीं तो तहकूब केला. दोन्ही संघांच्या शिक्षकांस तो निर्णय मान्य होता, आणि तो योग्यच होता. जेथें मैदानावरील रेषाही दिसत नाहींत तेथें खेळावयाचें तरी कसें? पाहुण्या प्रेक्षकांनीं मात्र आल्या वाटेनें, त्याच बर्फांतून, घरचा रस्ता धरला.

त्या सामन्यासाठीं अमेरिकेंतील डॅलस शहराहून एक दांपत्य आलें होतें. विमानें बदलीत बदलीत त्यांस येथवर पोंचण्यास ३१ तास लागले होते. त्यांची हकीकत कानीं येतांच टॉटनहॅमचा विख्यात खेळाडू हॅरी केन ह्यानें, पुढच्या खेपेस लंडनला याल तेव्हां आमच्या मैदानावर माझे पाहुणे म्हणून या, असें निमंत्रण त्यांस दिलें. ही गोष्ट वाचून कोणासही आनंद होईल. परंतु एका खेळाडूचें औदार्य हें व्यवस्थेची जागा घेऊं शकत नाहीं. एकतीस तासांच्या प्रवासाची बातमी होते. रात्रपाळी संपवून परस्पर मोटारींत बसलेल्या कामकऱ्याची होत नाहीं. त्यास निमंत्रण कोणी धाडावें?

बर्फास कोणी दोष देत नाहीं. आकाशापुढें मनुष्याचें चालत नाहीं, हें शेतकऱ्याइतकेंच फुटबॉलच्या शौकिनासही ठाऊक असतें. परंतु पुढें अडीच आठवड्यांत काय घडलें तें पहा. १५ डिसेंबर रोजीं त्याच मैदानावर वॉटफर्डचा संघ यावयाचा होता. वॉटफर्डच्या खेळाडूंत कोविडची लागण झाली, आणि सामना सुरू होण्यापूर्वीं सुमारें अडीच तास तहकुबीची सूचना निघाली. वॉटफर्ड हें लंडनला लागून असलेलें गांव. सामन्यास अडीच तास उरले म्हणजे तेथून निघालेला मनुष्य निम्म्याहून अधिक वाट चालून आलेला असावयाचा. तीनच दिवसांनीं, १८ तारखेस, पाळी बर्नलीकरांची आली. त्यांचा संघ बर्मिंगहॅम शहरीं ॲस्टन व्हिला ह्या संघाशीं खेळणार होता. व्हिलाच्या खेळाडूंत लागण झाल्यामुळें सुमारें दोन तास अगोदर तोही सामना रद्द झाला. वॉटफर्डचा बुडालेला सामना १८ जानेवारी २०२२ रोजीं घेण्याचें ठरलें. ह्या वेळीं बर्नलीकडेच पुरेसे खेळाडू नव्हते, म्हणून तो पुन्हां तहकूब झाला. शेवटीं ५ फेब्रुवारीस तो एकदांचा पार पडला, आणि त्यांत दोहोंपैकीं एकाही संघास एकही गोल करतां आला नाहीं!

आतां अशा प्रेक्षकाचें नुकसान किती होतें, त्याचा हिशेब मांडूं. सामन्याच्या तिकिटाचे पैसे बुडत नाहींत, हें खरें. तेंच तिकीट नव्या तारखेस चालतें, किंवा पैसे परत मिळतात. पण एकंदर खर्चांत तिकीट हा बहुधा लहानसाच भाग असतो. आगगाडीचें जें तिकीट आगाऊ घेतल्यामुळें स्वस्त पडतें, त्याचे पैसे केवळ सामना झाला नाहीं ह्या कारणास्तव परत मिळत नाहींत. मोटारीचें पेट्रोल जळालें तें जळालें. रात्रीच्या मुक्कामाकरितां घेतलेल्या खोलीचें भाडें सुटत नाहीं. कामावरून घेतलेली रजा मालक जमेस धरून देत नाहीं. आणि बापानें आठ वर्षांच्या मुलास महिनाभर दिलेलें वचन ह्या हिशेबाच्या कोणत्या रकान्यांत घालावें, तें आम्हांस सांगतां येत नाहीं.

त्याहून अधिक जाचक गोष्ट म्हणजे नवी तारीख. रविवारीं दुपारीं व्हावयाचा सामना पुढें ढकलला म्हणजे तो बहुधा कामाच्या दिवशीं रात्रीं येतो. टॉटनहॅमचा तो हिमग्रस्त सामना २३ फेब्रुवारी २०२२ रोजीं, बुधवारीं रात्रीं खेळला गेला. रात्रीं सामना संपल्यावर बर्नलीहून लंडनला परतण्यास गाडी उरत नाहीं. म्हणजे एका सामन्यासाठीं दोन प्रवास, आणि दुसऱ्या प्रवासास बुधवारची अर्धी व गुरुवारची पुरी रजा. इतकें करून पाहिलें काय, तर बेन मी ह्याच्या एका गोलानें टॉटनहॅमचा पराभव! पराभवाबद्दल अभिमानी कुरकुरेल, पण रागावणार नाहीं. हरण्याची जोखीम त्यानें तिकिटाबरोबरच पत्करलेली असते. बंद दारासमोर उभें राहण्याची जोखीम त्यानें पत्करलेली नसते.

मग हा निर्णय घेतो कोण? मैदान खेळण्यास योग्य आहे कीं नाहीं, हें पंच ठरवितात. मैदानाभोंवतालचे रस्ते, जिने व दारें गर्दीस सुरक्षित आहेत कीं नाहींत, ह्याविषयीं नगरसंस्था, पोलीस आणि सुरक्षेसंबंधीं सल्ला देणारें मंडळ विचार करितें. खेळाडू अपुरे असतील तर संघाचा अर्ज लीगच्या अधिकाऱ्यांपुढें जातो. ह्यांपैकीं प्रत्येकजण आपापलें कर्तव्य करीत असतो, आणि बहुतेक वेळां तें नीटच करितो. पण ह्या साऱ्या साखळींत, 'पाहुणे प्रेक्षक घरून किती वाजतां निघणार?' हा प्रश्न विचारणें हें कोणा एकाचें काम नाहीं. निर्णय घेणारे सर्व गांवांतच असतात. त्यांचा प्रवास संपलेला असतो. ज्याचा प्रवास चालू आहे त्याचा आवाज त्या खोलींत पोंचत नाहीं. आमच्या मतें तक्रारीचें मूळ येथें आहे. सामना तहकूब होतो ह्याचा राग नाहीं. तो उशिरां तहकूब होतो, आणि त्या उशिराचें मोल निर्णय घेणारांपैकीं कोणासच द्यावें लागत नाहीं, ह्याचा राग आहे.

मनावर घेतलें म्हणजे ह्या खेळाच्या व्यवहारांत किती तांतडीनें तोड निघते, ह्याचें एक जुनें उदाहरण मोठें बोधप्रद आहे. १९६२-६३ चा हिवाळा इंग्लंडांत अतिशय कडक गेला. ५ जानेवारीस सुरू झालेली एफ. ए. चषकाची तिसरी फेरी संपावयास ११ मार्च उजाडला. म्हणजे एका फेरीस ६६ दिवस लागले. त्या काळीं सामन्यांच्या निकालांवर पैज लावण्याचा 'फुटबॉल पूल्स' नांवाचा मोठा धंदा असे. सामनेच होईनात तेव्हां पैजांचें काय करावयाचें? लगेच २६ जानेवारी १९६३ रोजीं लंडनमध्यें जाणत्यांचें एक मंडळ बसलें. टॉम फिनी व टॉमी लॉटन ह्यांच्यासारखे नामांकित खेळाडू त्यांत होते. न झालेले सामने झाले असते तर कोण जिंकलें असतें, हें त्यांनीं एका खोलींत बसून ठरवून दिलें! पैज लावणाराची सोय अशी तीन आठवड्यांत झाली. घरून निघून मैदानापर्यंत जाणाराची सोय व्हावयास मात्र त्यानंतर साठ वर्षेंही पुरलीं नाहींत.

न्यायासाठीं दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. निर्णय लवकर घ्या, असें म्हणणें सोपें आहे. पण पहांटे गोठलेलें मैदान दुपारीं उन्हानें मोकळें होतें. आणि सकाळीं घाईनें तहकूब केलेल्या सामन्याच्या वेळीं जर स्वच्छ ऊन पडलें, तर तेच प्रेक्षक अधिकाऱ्यांस नांवें ठेवल्यावांचून राहणार नाहींत. एव्हर्टन संघानें १९५८ सालींच आपल्या मैदानाखालीं विजेच्या तारा घालून जमीन ऊबदार ठेवण्याची योजना केली होती. आज वरच्या दर्जाच्या मैदानांवर अशी योजना असतेच. तरीही आकाशाचा भरंवसा कोणी द्यावा?

तथापि कांहीं गोष्टी मनुष्याच्या हातांतल्या आहेत, आणि त्या करतां येतात हेंही दिसून आलें आहे. कोविडच्या नांवाखालीं सामने सहज पुढें ढकलले जातात अशी ओरड झाली तेव्हां, निदान चार खेळाडूंस लागण झाल्याशिवाय त्या कारणाचा अर्ज चालणार नाहीं, असा नियम जानेवारी २०२२ च्या अखेरीस जाहीर झाला. पुढें ७ डिसेंबर २०२४ रोजीं लिव्हरपूल शहरांत एव्हर्टन व लिव्हरपूल ह्यांचा सामना दुपारीं साडेबारास ठरला असतां 'डॅरा' नांवाचें वादळ आलें. तेव्हां पोलीस, नगरसंस्था व दोन्ही संघ ह्यांनीं विचारविनिमय करून सुमारें चार तास अगोदरच तहकुबी जाहीर केली. आदल्या रात्रीं येऊन मुक्काम केलेल्या परदेशच्या प्रेक्षकांस तिचा उपयोग नव्हता. तरी सकाळीं निघणारे पुष्कळ लोक वाटेच्या त्रासांतून वांचले. हा सामना १२ फेब्रुवारी २०२५ रोजीं झाला आणि २-२ असा बरोबरींत सुटला. १८९२ पासून एव्हर्टनचें घर असलेल्या गुडिसन पार्कवरील ह्या दोन शेजाऱ्यांची ती शेवटची लीग-लढत होती.

ह्यावरून आम्हांस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली ही कीं, मैदानाची तपासणी सामन्याच्या वेळेवरून न ठरवितां पाहुण्यांच्या निघण्याच्या वेळेवरून ठरवावी. आणि निर्णय होत नसेल तर 'सामना संशयांत आहे' इतकें तरी उघडपणें कळवावें. दुसरी, ठराविक वेळेनंतर तहकुबी झाली तर प्रवासखर्चाचा कांहीं अंश लीगनें सोसावा. जिचें वार्षिक उत्पन्न अब्जावधि पौंडांचें आहे तिला हा भार जड नाहीं. तिसरी, नवी तारीख ठरवितांना परतीच्या गाडीचें वेळापत्रक एकदां उघडून पहावें.

'अहो, खेळच तो! त्याचें एवढें काय?' असें एखादे वडील गृहस्थ म्हणतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, प्रश्न खेळाचा नसून आतिथ्याचा आहे. आपण कोणास जेवावयास बोलाविलें आणि अचानक घरांत आजार उद्भवला, तर बेत रद्द केल्याबद्दल पाहुणा आपणांस कधींही दोष देणार नाहीं. तो एवढेंच पाहील कीं, निरोप आपण घरून निघण्यापूर्वीं पोंचला, कीं ओट्यावर पाय ठेवल्यावर. लक्षावधि पौंडांचे खेळाडू आणि जगभर पोंचणारीं चित्रें ह्यांच्या झगमगाटांत हा साधा गृहस्थधर्म त्या मोठ्या खेळाच्या चालकांनीं विसरूं नये, इतकेंच आमचें म्हणणें आहे.